एका सेंटात मावलेले गाव

ओहायोपासून नेब्रास्कापर्यंत पसरलेल्या अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या कोणत्याही छोट्या गावाचे १९१० च्या आसपासचे पोस्टकार्ड घ्या. मधोमध मातीचा किंवा नुकत्याच विटा बसवलेला रुंद रस्ता. दोन्ही बाजूंना एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या दुमजली इमारती, खाली दुकाने, वर वकिलाची नाहीतर दंतवैद्याची खोली. कडेला बांधलेले घोडे, एखाददुसरी मोटार आणि या सगळ्यावर टेलिफोनच्या तारांचे जाळे. कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत गावाचे नाव आणि ‘मेन स्ट्रीट, उत्तरेकडे पाहताना’ अशी एक ओळ. नावावर बोट ठेवले तर गाव आयोवातले की इंडियानातले हे जाणकारालाही ओळखता येऊ नये, इतकी ही कार्डे एका साच्यातली वाटतात. पाहणाऱ्याला त्यांतून हरवलेल्या साध्या दिवसांची हुरहूर लागते आणि तो तिथेच थांबतो. खरे तर विचारायला हवा तो प्रश्न त्यानंतरचा आहे. गावे जर इतकी सारखी होती, तर प्रत्येकाला स्वतःचे वेगळे कार्ड कशाला हवे होते? माझे म्हणणे असे की ही कार्डे गावाच्या वतीने केलेला एक दावा होती आणि सारखेपणा हाच त्या दाव्याचा गाभा होता. ती तशी वाचली, तरच त्यांतल्या इमारती बोलू लागतात.

आधी या कागदाचा हिशेब पाहू. विवेकानंदांच्या भाषणामुळे आपल्याला ठाऊक असलेल्या १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात पोस्टाच्या सरकारी कार्डांवर छापलेली चित्रे विकली गेली. पण खासगी छापखान्यांना खरा वाव मिळाला तो १८९८ च्या कायद्याने. त्यांची कार्डेही सरकारी कार्डाप्रमाणे एका सेंटात जाऊ लागली. १९०७ पर्यंत पाठीमागे फक्त पत्ता लिहायची परवानगी होती, त्यामुळे ख्यालीखुशाली चित्राच्या कडेकडेने कोंबावी लागे. त्या वर्षी मार्चपासून मागची बाजू दुभागली गेली, डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता, आणि पुढची बाजू पूर्णपणे चित्राला मिळाली. दरम्यान खेड्यापाड्यांतल्या घरोघर टपाल पोहोचवणारी योजना १९०२ मध्ये कायम झाली होती आणि १९०३ मध्ये कोडॅकने थेट पोस्टकार्डाच्या मापाची निगेटिव्ह देणारा घडीचा कॅमेरा बाजारात आणला होता. मग गावचा फोटोग्राफरच रस्त्याचे चित्र टिपून, निगेटिव्हवर उलटी अक्षरे लिहून, पाच-पन्नास कार्डे काढून औषधांच्या दुकानात विकायला ठेवू लागला. जून १९०८ मध्ये संपलेल्या वर्षात अमेरिकी टपालातून ६७ कोटी ७७ लाखांहून अधिक पोस्टकार्डे गेली. देशाची लोकसंख्या तेव्हा नऊ कोटींच्या आतच होती. म्हणजे तान्ह्या मुलांसकट माणशी साडेसातहून अधिक कार्डे झाली.

आता चित्रातल्या सारखेपणाकडे वळू. त्याची सुरुवात कोडॅकच्या त्या कॅमेऱ्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधीची. १७८५ च्या जमीनविषयक अध्यादेशाने त्या प्रदेशाची सहा-सहा मैलांच्या चौकोनांत मोजणी सुरू केली आणि डोंगर आडवे येत नसल्याने रस्ते सरळ दिशांना धरून पडले. ‘उत्तरेकडे पाहताना’ ही ओळ तिथे सहज लिहिता येते ती त्यामुळे. कोकणातल्या वाकड्यातिकड्या पाखाडीचे चित्र काढून तसे लिहिता यायचे नाही. पुढे रेल्वे कंपन्यांनी रुळांच्या कडेने ठरावीक अंतरावर गावे आखली. शेतकऱ्याने घोडागाडीत धान्य भरून आणावे, रुळांलगतच्या उंच कोठारात रिते करावे आणि अंधाराआधी घरी पोहोचावे, असा अंतराचा हिशेब असे. स्टेशनच्या इमारतींचे नकाशेही कंपनीच्या कचेरीतून ठरूनच येत. दुकानांची नक्षीदार दर्शनी बाजू पाहून आपल्याला एखाद्या कसबी स्थानिक कारागिराची आठवण होते, पण ती बहुधा पत्र्याची असे. सेंट लुईसचे मेस्कर ब्रदर्स आणि इंडियानातल्या इव्हान्सव्हिलचे जॉर्ज मेस्कर हे एकाच घराण्यातले कारखानदार ठसे उठवलेल्या पत्र्याचे आणि बिडाचे दर्शनी भाग कॅटलॉगवरून विकत आणि रेल्वेने धाडत. १९०८ पासून शिकागोची सीयर्स ही पेढी अख्खी घरे तशीच विकू लागली. ग्रंथालयासाठी उद्योगपती कार्नेगींच्या देणगीचा अर्ज भरायचा. अशी ग्रंथालये सर्वांत जास्त उभी राहिली ती इंडियानात. आणि या सगळ्यांचे चित्र असलेले कार्डही पुष्कळदा शिकागोच्याच कर्ट टाइश कंपनीत छापून येई. १८९८ मध्ये सुरू झालेला हा छापखाना एका जर्मन स्थलांतरिताचा होता. थोडक्यात, गाव आणि गावाचे चित्र ही दोन्ही एकाच यंत्रणेची उत्पादने होती: कॅटलॉग, टपाल आणि मालगाडी.

म्हणूनच सारखेपणाला कंटाळवाणेपणा समजणे चुकीचे ठरते. वीस-तीस वर्षांपूर्वी जिथे गवताळ माळ होता, तिथल्या लोकांना जगावेगळे दिसायचे नव्हते, बरोबरीचे दिसायचे होते. शेजारचे गाव काउंटीचे मुख्यालय पळवू शकत होते, दुसऱ्या रेल्वेचा फाटा तिकडे वळू शकत होता, बँक बुडू शकत होती. अशा ठिकाणी न्यायालयाचा घुमट, विटांची शाळा, पाण्याची उंच टाकी यांची कार्डे म्हणजे पत वाढवण्याचे साधन होते. लाकडी बाजारपेठा एका रात्रीत जळून जाण्याचा अनुभव कितीतरी गावांना होता, तेव्हा विटांची सलग रांग आणि मागे दिसणारी टाकी यांचा अर्थ पाहणाऱ्याला न सांगता कळत होता: इथे पैसा गुंतवायला हरकत नाही. हा दावा व्यक्तींच्या पातळीवर आधीच सुरू झाला होता. १८८० च्या दशकात सॉलोमन बुचर हा फोटोग्राफर नेब्रास्कातल्या कस्टर काउंटीत मातीच्या ढेपांच्या घरांपुढे कुटुंबे उभी करून त्यांची छायाचित्रे काढत होता. त्यांतल्या एका प्रसिद्ध चित्रात घराचा ऑर्गन बाहेर आणून उघड्यावर ठेवलेला आहे. त्याची हकिकत अशी सांगतात की घरधनिणीला पूर्वेकडच्या आप्तांना मातीचे घर दाखवायचे नव्हते, पण आपल्याकडे ऑर्गन आहे हे मात्र दाखवायचे होते. मेन स्ट्रीटच्या कार्डांनी हीच गोष्ट पुढे गावाच्या मापाने केली.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: ही चित्रे खोटी आहेत, मग इतिहासाने त्यांवर विश्वास का ठेवावा? ती खोटी आहेत यात शंका नाही. आरंभीची रंगीत कार्डे मोठ्या प्रमाणावर जर्मनीत छापून येत आणि ज्याने ते गाव जन्मात पाहिले नाही असा कारागीर तिथल्या विटांचा रंग ठरवी. दिवसा काढलेल्या चित्रावर गडद निळा रंग आणि चंद्र चढवून ‘रात्रीचे दृश्य’ तयार होई. १९३० नंतर टाइशच्या छापखान्याने कापडासारख्या पोताची भडक रंगांची कार्डे काढली, तेव्हा रिटचिंग हा धंद्याचा उघड भाग झाला होता. खांब काढा, तारा पुसा, आभाळात ढग घाला, जुन्या मोटारी बदला, अशा सूचना मूळ फोटोसोबत जात. त्या कंपनीचा संग्रह २०१६ पासून शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे आणि कितीतरी कार्डांचे मूळ फोटो व छपाईच्या सूचना त्यात एकत्र राहिल्या आहेत. इथेच आक्षेप उलटतो. जिथे खोटेपणाची नोंद खऱ्याशेजारी जपून ठेवलेली आहे, तिथे खोटेपणा हाच पुरावा होतो. १९१० च्या साध्या फोटोकार्डात तारांचे जाळे निःसंकोच मिरवते आणि १९३५ च्या छापील कार्डात तीच तार काढून टाकायला सांगितले जाते. तार होती की नव्हती याचे उत्तर मूळ फोटो देतो. मला अधिक मोलाचे वाटते ते दुसरे उत्तर: पंचवीस वर्षांत गावाला आधुनिकतेची खूण दाखवण्याची गरज उरली नाही आणि मोटारीतून येणाऱ्या पाहुण्याला सुबक, मोकळे गाव दाखवण्याची गरज निर्माण झाली. स्थळासाठी काढलेल्या फोटोचे तसेच असते. त्यावरून मुलीचा रंग कोणी ठरवू नये, पण त्या काळी वरपक्षाला काय दाखवावेसे वाटे, हे त्याच्याइतके नेमके दुसरे काही सांगत नाही.

दुसरा आक्षेप जास्त सूक्ष्म आहे. छापखान्याला गिऱ्हाईक हवे होते आणि दुकानदाराला विक्री. त्यात गावाचा दावा वगैरे पाहणे म्हणजे आपलाच अर्थ त्यांच्या तोंडी घालणे, असे कोणी म्हणेल. छायाचित्रकार वॉकर इव्हान्स यांची भूमिकाही याच्या जवळची होती. सेंट लुईसमध्ये जन्मलेल्या इव्हान्स यांनी सुमारे नऊ हजार पोस्टकार्डे जमवली. ती आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. १९४८ मध्ये ‘फॉर्च्यून’ मासिकात त्यांनी यातली निवडक कार्डे छापली तीही न्यायालयाच्या चौकातून उत्तरेकडे दिसणाऱ्या मेन स्ट्रीटच्या मथळ्याखाली. त्यांना या चित्रांचा साधेपणा भावला, कलेचा आव न आणता समोरचे समोर मांडणे भावले. त्यांच्या नजरेचा मान राखूनही मला वाटते की तो साधेपणा म्हणजे निरागसपणा नव्हता. तसे असते तर त्याची थट्टा कोणाला सुचली नसती. पण कॅन्ससमधल्या ओटावाचे विल्यम मार्टिन १९०८ च्या सुमारास फोटो कापून-जोडून अशी कार्डे विकत होते, ज्यांत मक्याचे एकच कणीस गाडाभर भरते आणि कांदे माणसाएवढे असतात. ती भरपूर खपली. आपल्या भूमीची बढाई ही बढाई आहे हे शेतकऱ्याला पुरते कळत होते आणि तो ती हसत हसत टपालात टाकत होता. व्यापार होता हे खरेच. मात्र जे विकले जाते त्यावरूनच घेणाऱ्याला आपल्याविषयी काय म्हणायचे आहे ते कळते.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे आणि तो पुसून टाकण्याजोगा नाही. दावा करणारा आपल्या सोयीचे तेवढेच दाखवतो. रुळांपलीकडच्या झोपड्या, कृष्णवर्णीयांच्या वस्त्या, हंगामी मजुरांचे तळ यांच्यासाठी औषधांच्या दुकानातल्या फिरत्या स्टँडवर सहसा जागा नव्हती. त्याहून वाईट म्हणजे कधी क्रौर्यही दाव्याचाच भाग झाले. १५ जून १९२० रोजी मिनेसोटातल्या डुलूथ शहरात हजारोंच्या जमावाने सर्कशीत काम करणाऱ्या इलायस क्लेटन, एल्मर जॅक्सन आणि आयझॅक मॅगी या तीन कृष्णवर्णीय तरुणांना खोट्या आरोपावरून दिव्याच्या खांबाला फाशी दिले. त्या दृश्याचा फोटो पोस्टकार्ड म्हणून विकला गेला. त्या तिघांचे स्मारक तिथे उभे राहायला २००३ साल उजाडले. गावच्या चौकाच्या गोड चित्रांचा संग्रह चाळताना हे कार्ड ‘अपवाद’ म्हणून बाजूला काढता येत नाही, कारण त्यामागचा कॅमेरा, कागद आणि विक्रीची रीत तीच आहे. कार्डांना गावाचे आरसे मानणाऱ्याला या कार्डाचे काय करावे ते समजत नाही. त्यांना दावा मानले, तर निदान विचारता येते की हा दावा कोणाच्या नावाने आणि कोणाला वगळून केला गेला.

मग इतिहासाने दुसरी, जास्त जबाबदार साधने का वापरू नयेत? वापरावीतच, पण त्यांच्याही मर्यादा आहेत. १९३३ मध्ये सुरू झालेल्या ऐतिहासिक इमारतींच्या सरकारी पाहणीत मोजून-मापून नकाशे काढले गेले, मात्र आरंभी तिचा भर १८६० पूर्वीच्या वास्तूंवर होता. १८८० नंतरची पत्र्याच्या दर्शनाची दुकाने त्या निकषाने जुनीच नव्हती. मंदीच्या काळात रॉय स्ट्रायकर यांच्या हाताखालच्या रसेल ली, जॉन व्हेचन अशा छायाचित्रकारांनी आयोवा-नेब्रास्कातली घरे, कोठारे, रस्ते सरकारसाठी टिपले. ते काम अमोल आहे, पण तो बाहेरून आलेल्यांचा शोध होता. रोजच्या वापरातल्या सामान्य इमारतींची गावोगाव आणि वर्षानुवर्षे नोंद झाली ती या एका सेंटाच्या कार्डांतच.

याची किंमत १९७७ मध्ये कळली. दुसऱ्या महायुद्धानंतर महामार्गालगतच्या बाजारांशी स्पर्धा करताना कितीतरी मेन स्ट्रीटवरच्या दुकानदारांनी जुन्या दर्शनी भागांवर अ‍ॅल्युमिनियमचे सपाट पडदे ठोकले होते. वारसा जतन करणाऱ्या राष्ट्रीय न्यासाने त्या वर्षी इलिनॉयमधले गेल्सबर्ग, इंडियानातले मॅडिसन आणि साउथ डकोटातले हॉट स्प्रिंग्ज या तीन गावांत प्रयोग सुरू केला. तिथून पुढे देशभर पसरलेल्या कामात पडदे उतरले, गमावलेल्या पट्ट्या आणि कंगोरे परत बसवले गेले आणि मूळ रूप ठरवायला जुनी छायाचित्रे उपयोगी पडली. इथे एक सावधगिरी हवी. पुसलेल्या तारांच्या कार्डावरून दुरुस्त केलेला रस्ता म्हणजे कधीच नसलेल्या गावाची पुनर्बांधणी. १९५५ चा अ‍ॅल्युमिनियमचा पडदाही त्या काळच्या दुकानदाराचा दावाच होता. आपण नव्या जमान्याच्या बरोबरीचे आहोत हेच त्यालाही सांगायचे होते.

या कार्डांमध्ये एक लहानशी खूण वारंवार आढळते. पाठवणाऱ्याने हॉटेलच्या, वसतिगृहाच्या किंवा दुकानाच्या एखाद्या खिडकीवर शाईने फुली मारलेली असते आणि मागे लिहिलेले असते की मी इथे राहतो. विटा भट्टीतल्या, दर्शन कॅटलॉगातले, रंग अनोळखी कारागिराचा आणि कागद शिकागोचा. गावाने बरोबरीचा दावा करून झाल्यावर एका माणसाने त्यावर स्वतःचा दावा नोंदवलेला असतो. कार्डातली वेगळी गोष्ट तेवढी ती फुली, आणि इमारत ओळखीची करण्याचे काम तिनेच केलेले असते.