घरोघरचे भावोजी : आदेश बांदेकर

दूरचित्रवाणीवरील खेळांच्या सूत्रसंचालकाला स्पर्धक साधारणतः 'सर' म्हणतात, किंवा त्याच्या नावापुढे 'जी' लावतात. ३ जुलै २००० रोजी 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाले, तेव्हा अमिताभ बच्चन यांच्यासमोरच्या खुर्चीत बसणारा माणूस परीक्षेला बसल्यासारखाच बसत असे. मराठीतील सर्वाधिक काळ चाललेल्या खेळाच्या सूत्रसंचालकाला मात्र प्रेक्षकांनी थेट घरातले नाते दिले. आदेश बांदेकर हे 'आदेश भावोजी' झाले आणि कार्यक्रम मागे पडल्यावरही ते नाव राहिले.

बांदेकर यांचा जन्म १८ जानेवारी १९६६ रोजी अलिबाग येथे झाला. सावंतवाडी तालुक्यात, गोव्याच्या सीमेलगत असलेल्या बांदा या गावावरून हे आडनाव आले आहे. कोकणातील असंख्य कुटुंबांप्रमाणे त्यांची जडणघडण मात्र मुंबईच्या गिरणगावात, लालबाग-काळाचौकी परिसरात झाली. चाळीतील वस्तीत दिवसा दारे लावण्याची पद्धत नव्हती. शेजारच्या स्वयंपाकघरात जाऊन बसणे यात कोणाला संकोच वाटत नसे. पुढे कॅमेऱ्यासह परक्या घरात शिरताना बांदेकर जितके सहज वावरत, त्याचे मूळ या वस्तीत शोधावे लागते.

अभिनयाच्या क्षेत्रात धडपड चालू असतानाच १९९० मध्ये त्यांचा अभिनेत्री सुचित्रा यांच्याशी विवाह झाला. सुचित्रा यांच्या माहेरी या लग्नाला विरोध होता. घरच्यांना न सांगता आपण लग्न केले, ही हकिकत उभयतांनी मुलाखतींतून मोकळेपणाने सांगितलेली आहे. ज्या गृहस्थाने पुढे हजारो सासू-सुनांना एका सोफ्यावर शेजारी बसवून हसविले, त्याच्या स्वतःच्या संसाराचा आरंभ असा नाराजीत झाला होता. हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येईल. पण लग्न कसे जमले, घरच्यांनी काय म्हटले, पहिली भेट कुठे झाली, हे प्रश्न बांदेकर ज्या गोडीने विचारीत ती गोडी उसनी वाटत नसे, एवढे खरे.

मुंबई दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरील 'ताक धिना धिन' या गाण्यांवर आधारलेल्या खेळाने त्यांना सूत्रसंचालक म्हणून ओळख दिली. त्या वेळेपर्यंत मराठीत खासगी वाहिन्यांचे युग सुरू झाले होते. १५ ऑगस्ट १९९९ रोजी सुरू झालेल्या अल्फा मराठीचे २००५ मध्ये 'झी मराठी' असे नामांतर झाले. तत्पूर्वी, १३ सप्टेंबर २००४ रोजी, याच वाहिनीवर 'होम मिनिस्टर' आले. पत्नीला थट्टेने 'गृहमंत्री' म्हणण्याची रीत मराठी मध्यमवर्गात जुनीच. (राज्याचे खरेखुरे गृहखाते तेव्हा आर. आर. पाटील यांच्याकडे होते.)

कार्यक्रमाची रचना साधी होती. सूत्रसंचालक स्वतः एखाद्या वस्तीत, एखाद्या घरी जाई. गृहिणीशी गप्पा, नवऱ्याची फिरकी, सासूबाईंचे मत, उखाणा, मग दोन वहिनींमध्ये घरातल्याच वस्तूंनी खेळायचे खेळ, आणि जिंकणारीला पैठणी. ती पैठणी नेसूनच ती पुन्हा पडद्यावर येई. प्रश्नोत्तरे नसल्याने शिक्षणाची अट नव्हती. स्टुडिओ नसल्याने मुंबईला जाण्याची गरज नव्हती. अमेरिकेत 'क्वीन फॉर अ डे' हा गृहिणींचा खेळ १९४५ मध्ये रेडिओवर सुरू होऊन १९६४ पर्यंत दूरचित्रवाणीवर चालला. त्यात स्त्रियांनी प्रेक्षकांसमोर आपली दुःखे सांगायची आणि ज्या कहाणीला सर्वांत मोठ्या टाळ्या मिळतील तिला बक्षीस द्यायचे, असा प्रकार होता. 'होम मिनिस्टर'मध्येही डोळे पाणावत, पण बक्षिसाचा निकष दुःख हा नव्हता. हा फरक लहान नाही.

या यशाचे खरे रहस्य मात्र त्या एका संबोधनात आहे असे वाटते. पुण्यात बुधवार, शुक्रवार वा कसबा पेठेच्या वाड्यांमध्ये शेजाऱ्याची पत्नी ही आपोआप 'वहिनी' होत असे आणि शेजारी तिचा 'भावोजी'. दीर-भावजयीचे नाते मराठी कुटुंबात मोठे नेमके आहे. थोरल्या दिराशी अदब ठेवायची, धाकट्याशी मात्र थट्टामस्करी चालते. विवाहित स्त्रीने परपुरुषाशी मोकळेपणाने हसावे, तेही नवऱ्यादेखत आणि सासूच्या संमतीने, अशी मुभा देणारी नाती आपल्याकडे फार थोडी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दीर्घकाळ अध्यापन केलेल्या इरावती कर्वे यांनी १९५३ च्या 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या ग्रंथात निरनिराळ्या प्रांतांतील नातेवाचक शब्द गोळा करून त्यांमागील वर्तनाचे नियम मांडले. त्या दृष्टीने पाहिले तर वाहिनीने सूत्रसंचालक नेमला खरा, पण प्रेक्षकांनी त्याला धाकटा दीर करून घेतले. बांदेकर यांचे कौशल्य असे, की त्यांनी ही मर्यादा अचूक ओळखली. त्यांची थट्टा बहुधा नवऱ्याच्या वाट्याला जाई, वहिनीच्या नव्हे.

त्याच वेळी या कार्यक्रमाने काय गृहीत धरले होते, तेही नोंदविले पाहिजे. उखाणा, हळदीकुंकवाचे वातावरण, पैठणी हा सारा थाट सवाष्णीचा. एकटीने घर चालविणाऱ्या स्त्रीला या चौकटीत सहज जागा नव्हती. 'मंत्री' म्हणून गौरव व्हायचा तोही घर सांभाळण्याबद्दल. आणि तरीही अनेक घरांत असे दिसे, की पत्नीला काय आवडते हा प्रश्न नवऱ्याला प्रथमच विचारला गेला होता आणि त्याला उत्तर येत नव्हते. हशा पिके, पण त्या क्षणभराच्या शांततेत पुष्कळ काही सांगून झालेले असे.

पैठणीला या कार्यक्रमाने नवा मान दिला. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानांत लग्नाच्या बस्त्यापुरती पाहिली जाणारी ही साडी रोज संध्याकाळी दिवाणखान्यात दिसू लागली. २०२२ मध्ये 'महामिनिस्टर' या पर्वात तर ११ लाख रुपयांची पैठणी बक्षीस म्हणून ठेवण्यात आली. ती साडी नेसणार कोण आणि कुठे, असा प्रश्न तेव्हा घरोघरी विचारला गेला, आणि तो रास्तच होता. त्याआधी २०२० च्या टाळेबंदीत परक्या घरी जाणेच अशक्य झाले, तेव्हा 'घरच्या घरी' या नावाने व्हिडिओ कॉलवरून खेळ घेण्यात आले. उंबरठा ओलांडणे हाच ज्याचा प्राण, त्या कार्यक्रमाची ती सर्वांत अवघड परीक्षा होती.

घरोघरचा हा परिचय मतपेटीत उतरतो का, याचा अनुभव बांदेकर यांनी २००९ मध्ये घेतला. शिवसेनेने त्यांना माहीम मतदारसंघातून विधानसभेची उमेदवारी दिली. मतदारसंघ पुनर्रचनेपूर्वी दादरचे आमदार असलेले सदा सरवणकर त्यामुळे नाराज होऊन काँग्रेसच्या तिकिटावर उभे राहिले आणि महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे नितीन सरदेसाई विजयी झाले. भावोजी म्हणून पाणी देणारे घर मत देईलच असे नव्हते. अर्थात, हा सार्वत्रिक नियम नव्हे. बंगालीत 'दीदी नंबर वन' हा स्त्रियांचा खेळ वर्षानुवर्षे सादर करणाऱ्या रचना बॅनर्जी २०२४ मध्ये हुगळीतून लोकसभेवर निवडून गेल्या.

बांदेकर पुन्हा निवडणुकीला उभे राहिले नाहीत. २०१७ मध्ये त्यांची प्रभादेवीच्या श्री सिद्धिविनायक गणपती मंदिर न्यासाच्या अध्यक्षपदी नियुक्ती झाली. २०२३ मध्ये ते पद त्यांच्याकडून गेले, ते सदा सरवणकर यांच्याकडेच. चौदा वर्षांपूर्वीच्या उमेदवारीचे वर्तुळ असे फिरून आले. पुढच्याच वर्षी माहीममध्ये सरवणकरही पराभूत झाले.

दरम्यान बांदेकर कुटुंब कॅमेऱ्याच्या मागे स्थिरावले होते. मुलाच्या नावाने काढलेल्या सोहम प्रॉडक्शन्सची 'ठरलं तर मग' ही मालिका डिसेंबर २०२२ मध्ये स्टार प्रवाहवर सुरू झाली आणि लोकप्रियतेच्या यादीत दीर्घकाळ आघाडीवर राहिली. सोहम यांनी स्वतः २०२१ च्या 'नवे लक्ष्य'मध्ये पोलिस अधिकाऱ्याची भूमिका केली. सुचित्रा बांदेकर यांना चित्रपटांत ठळक यश मिळाले ते याच सुमारास, 'झिम्मा' (२०२१) आणि 'बाईपण भारी देवा' (२०२३) या दोन चित्रपटांतून. दुसऱ्या चित्रपटात संसारात बुडालेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. पतीने संध्याकाळच्या अर्ध्या तासात ज्या स्त्रियांना घरी जाऊन खेळायला लावले, त्याच वयाच्या आणि त्याच घरांतल्या स्त्रिया या चित्रपटासाठी मैत्रिणींचे घोळके करून, नटूनथटून चित्रपटगृहांत गेल्या. अनेकींच्या अंगावर पैठणी होती.