दर्या आणि दऱ्या: सीमाभागातील छापील मराठी अक्षर

घरात आजोबांच्या काळची लग्नपत्रिका असेल तर ती आजच्या पत्रिकेशेजारी ठेवून दोन्हींतले ‘ल’ आणि ‘श’ पाहा. जुन्या पत्रिकेत ल पाकळ्यांचा आणि श देठाचा दिसेल. नव्या पत्रिकेत पुष्कळदा हिंदी वळण सापडेल. ते कोणी मुद्दाम निवडलेले नसते. संगणकात आधीपासून असलेला फॉन्ट तसाच वापरला जातो.

निवड मात्र पहिल्यापासून आहे. विल्यम केरी यांचे 1805 चे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांत छापले गेले, 1810 चा कोश मोडीत. पुढे छपाईत बालबोध टिकली आणि आपल्या वाड्यांतली मोडी दप्तरे नातवंडांना परकी झाली. बेळगावात 1919 साली बाबूराव ठाकुरांनी ‘तरुण भारत’ काढला तो खिळे जुळवण्याचा काळ होता. जोडाक्षरांसाठी जुळाऱ्यापुढे शेकडो खण असत.

डीटीपीच्या सुरुवातीच्या फॉन्टला घरे 256. त्यामुळे अक्षरांचे तुकडे करून ते इंग्रजी अक्षरांच्या घरांत बसवले गेले, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. आपल्या संस्थांचे कितीतरी जुने अंक आज अशा फायलींत अडकले आहेत. नवा मजकूर युनिकोडमध्येच जुळवावा, हा माझा आग्रह त्यासाठीच आहे.

रंग आपल्याकडे केवळ शोभेचा नाही; भगवा काय किंवा 1 नोव्हेंबरचा काळा काय, सीमाभागात दोन्हींना अर्थ आहे. पडद्यावर झळकणारा भगवा कागदावर विटकरी उतरतो. तो पिवळ्या आणि मॅजेंटा शाईतूनच करावा, निळी-काळी मिसळू नये. मजकुराचा काळा मात्र एकट्या काळ्या शाईचा हवा. चार शाया जराशा सरकल्या तरी मात्रा आणि अनुस्वार फाटतात. शेजारी कन्नड मजकूर असेल तर दोन्ही लिप्यांना एकच पॉइंट देऊन भागत नाही, उंची डोळ्यांनी जुळवावी लागते.

महाराष्ट्र शासनाने 2009 च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श प्रमाण ठरवले. तो निर्णय बेळगाव-निपाणीला लागू नाही. इथे ते वळण राखायचे तर आपणच मागायला हवे. छापखान्यात फॉन्ट पसंत करण्याआधी एका कागदावर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ छापून मागा. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरांमधल्या. दोन्ही सारखेच उमटले तर दुसरा फॉन्ट दाखवायला सांगा.