शनवार तेल्यांचे कीर्तन

बंगळूरला पोस्टिंग आल्यापासून म्हैसूर रोडवरून बऱ्याचदा जाणे होते. या रस्त्यावर ज्यू समाजाची एक छोटी दफनभूमी आहे. म्हैसूरचे महाराज चौथे कृष्णराज वडियार यांनी तिच्यासाठी जागा दिली. १९०४ साली तिथे पहिले दफन झाले ते सुभेदार सॅम्युअल नागावकर यांचे.

सुभेदार आणि नागावकर! हे नाव पहिल्यांदा वाचले तेव्हा मी चमकलोच. नागाव म्हणजे आपले अलिबागजवळचे. आपल्या पायदळातला एक मराठी माणूस इथे कानडी मुलुखात, आपल्या धर्माची दफनभूमीसुद्धा नसलेल्या गावी वारला आणि तिची सुरुवातच त्याच्यापासून झाली. फौजी माणसाला अशी गोष्ट कळली की ती डोक्यातून जात नाही. मला एकच प्रश्न पडला. ज्यू धर्म हा पुस्तकाचा धर्म, पाठांतराचा, अर्थ लावण्याचा आणि वाद घालण्याचा. मग छावणीछावणीतून फिरणाऱ्या या कोकणी सुभेदाराच्या समाजाला हा धर्म शिकवला कोणी, आणि कोणत्या भाषेत?

नागावकर हे बेने इस्राएल समाजाचे. त्यांची परंपरा सांगते की पूर्वज समुद्रमार्गे येत असताना नवगावजवळ गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. पुढे ही मंडळी कुलाबा जिल्ह्यातल्या गावोगावी पसरली, तेलाचे घाणे चालवू लागली आणि गावावरून आडनावे लावू लागली : दिवेकर, केहिमकर, राजपूरकर, अष्टमकर. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पुस्तके समुद्रात गेली, हिब्रू विसरली गेली. उरले ते शनिवार पाळणे, आठव्या दिवशी सुंता, काही उपास आणि ‘शेमा’ या प्रार्थनेचे शब्द. दावीद राहाबी नावाच्या गृहस्थाने त्यांना ओळखले ते मासळीवरून, असे सांगतात. त्याने बायकांपुढे मासे ठेवले. त्यांनी खवले आणि पर नसलेले मासे बाजूला काढले, आणि हे आपलेच लोक, अशी त्याची खात्री पटली. त्याने त्यांच्यातल्याच काहीजणांना धर्म शिकवून काजी नेमले.

यानंतरचा टप्पा थेट आमच्या पेशाशी जोडलेला आहे, आणि तोही इथल्याच रस्त्यावरचा. म्हैसूर रोडने पुढे गेले की श्रीरंगपट्टण लागते. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात (१७८०-८४) कंपनीच्या मुंबई फौजेतले सॅम्युअल इझिकेल दिवेकर, मराठी नाव सामाजी हसाजी, टिपूच्या कैदेत पडले. कैद्यांना तुम्ही कोण असे विचारले, तेव्हा त्यांनी ‘बनी इस्राएल’ असे सांगितले. हे नाव कुराणात आहे, म्हणून टिपूच्या आईने रदबदली करून त्यांचा जीव वाचवला, अशी समाजात कथा आहे. तिला पुरावा म्हणता येणार नाही. पण ‘तू कोण?’ या प्रश्नाला नेमके उत्तर देता आले म्हणून माणूस वाचला, ही आठवण एखादा समाज पिढ्यान्पिढ्या जपतो, त्याला काही कारण असते. सुटून आलेल्या दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत मांडवी भागात सिनेगॉग बांधले. शाआर हारहामीम, म्हणजे दयेचे द्वार. मुंबईतले हे पहिले सिनेगॉग. बेने इस्राएल लोक त्याला मशीदच म्हणत. इमारत झाली, पण तोरा हवा होता. तो आणायला दिवेकर कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तिथेच वारले.

सार्वजनिक प्रार्थनेला ज्यू धर्मात दहा प्रौढ पुरुष लागतात. त्याला मिन्यान म्हणतात. कंपनीच्या मुंबई फौजेत बेने इस्राएल सैनिकांनी संख्येच्या मानाने खूपच जास्त हुद्दे मिळवले. पण पलटणीत ते मूठभरच. पुढे भरती जातवार कंपन्यांच्या हिशेबाने होऊ लागली. यांची स्वतंत्र कंपनी उभी राहील एवढी संख्या नव्हती, त्यामुळे फौजेतली वाट हळूहळू बंद होत गेली आणि पोरे कारकुनीकडे, रेल्वेकडे, डॉक्टरकीकडे वळली. आमच्या युनिटमध्ये धर्मगुरू असतो, मंदिर परेड असते. नागावकरांच्या पिढीतल्या माणसाला छावणीत दहा माणसे जमवणे हीच मोहीम असणार.

म्हणजे शिक्षण व्हायचे ते समाज एकत्र जमेल तेव्हा. आणि ते कळणाऱ्या भाषेत व्हायला हवे होते. एकोणिसाव्या शतकात नेमके तेच घडले. कोचीनहून शिक्षक आले. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. मिशनऱ्यांचा हेतू उघड होता. पण बेने इस्राएल मंडळी त्यांच्या शाळेत बसली, बायबल मराठीतून वाचायला शिकली आणि एखाददुसरा वगळता ख्रिस्ती न होता घरी परतली. विद्या घेतली, धर्म सोडला नाही. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. हाईम सॅम्युअल केहिमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाची शाळा काढली.

त्याआधी वर्षभर, १८७४ साली, पुण्यात एक हगादा छापला गेला. एका बाजूला हिब्रू, एका बाजूला मराठी. वल्हांडण सणाच्या रात्री, जेवणाच्या आधी, घरातले सर्वांत धाकटे मूल विचारते की आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का? मग मोठी माणसे मिसर देशातली गुलामगिरी आणि सुटका सांगतात. त्यात चार मुलगे येतात. एक शहाणा, एक आडमुठा, एक साधा आणि एक ज्याला प्रश्नच विचारता येत नाही. प्रत्येकाला वेगळे उत्तर द्यायचे. पुण्याच्या हगाद्यातल्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका सणाची बेखमीर भाकरी करताना दिसतात. प्रश्नाशिवाय सण सुरूच होत नाही, आणि प्रश्न मराठीत!

पण हगादा घरापुरता. चारचौघांसाठी काय? गेल्या गणेशोत्सवात इथल्या मराठी मंडळींनी कीर्तन ठेवले होते. पूर्वरंग ऐकता ऐकता मला १८८० ची मुंबई आठवली. त्या सुमारास बेने इस्राएल समाजातल्या काही तरुणांनी शेजारच्या हिंदू कीर्तनांकडे पाहिले आणि ठरवले की आपल्या कथा अशाच सांगायच्या. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यातले अग्रणी. अब्राहाम, योसेफ, मोशे, एस्तेर यांची आख्याने त्यांनी साकी, दिंडी, आर्या, ओवीत बांधली. नारद-ध्रुवाच्या जागी योसेफ आणि त्याचे दावेदार भाऊ आले, पण बाज तोच. गायचे, थांबायचे, अर्थ सांगायचा, मध्येच एखादा चिमटा काढायचा, पुन्हा गायचे. हिब्रू न येणारी आजी आणि इंग्रजी शिकलेला नातू एकाच सतरंजीवर बसून तोच धडा घेऊन उठत.

काहींना हे उसनवारीचे वाटेल. मला तसे वाटत नाही. उसने घेतले ते भांडे, आतले अन्न त्यांचे स्वतःचे. शिवाय ते भांडे तरी परके कुठे होते? अलिबागच्या माणसाला कीर्तन परके नसते.

एकत्र जमण्याची आणि बोलण्याची ही सवय पुढे वादातही उतरली. १९१७ मध्ये बेने इस्राएल परिषद भरली. पाठोपाठ ऑल इंडिया इस्राएलाइट लीग निघाली. एवढासा समाज, आणि संस्था दोन! शिक्षण, समाजसुधारणा, स्वतंत्र राजकीय हक्क मागावेत की नाही, यावर मतभेद झाले. आपल्याकडे याला फूट म्हणायची सवय आहे. पण दोन मते मांडण्याइतकी माणसे शिकलेली होती, हाही त्याचा अर्थ होतो.

या शिक्षणाची खरी परीक्षा मात्र परदेशात झाली. १९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्राएल इस्राएलला गेले. तिथल्या मुख्य धर्मपीठाने यांच्या विवाहांवर शंका घेतली आणि वंशावळी तपासायला सांगितल्या. ज्यांनी शतकानुशतके शनिवारी घाणा बंद ठेवला, त्यांनाच विचारले गेले की तुम्ही खरे ज्यू का? त्यांनी निदर्शने केली. अखेर १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे स्पष्ट केले. श्रीरंगपट्टणच्या कैदेतला प्रश्न पुन्हा आला होता. या वेळी विचारणारे घरचेच होते.

खडकवासल्याच्या अकादमीचे एक माजी कमांडंट, व्हाइस अ‍ॅडमिरल बेंजामिन अब्राहाम सॅमसन, याच समाजाचे. कॅडेट असताना माजी कमांडंटांच्या यादीत हे नाव मी वाचले असणार, पण ते कोण हे विचारायचे सुचले नाही. हगाद्यातला तो चौथा मुलगा मीच होतो म्हणायचा.

आज भारतात हा समाज काही हजारांवर आला आहे. बंगळुरात तर जुने सिनेगॉग कधी नव्हतेच. मूठभर ज्यू कुटुंबे घरीच जमत. कीर्तने विसाव्या शतकात मागे पडली, मग बायकांच्या मंडळांनी त्यांतली काही उचलून धरली. इस्राएलमध्येही त्यांतली पदे गायली जातात, आणि तिथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघते. पण तिथे जन्मलेल्या नातवंडांना आता हिब्रू येते आणि मराठी येत नाही. दीडशे वर्षांपूर्वी हिब्रू कळत नाही म्हणून मराठी कीर्तन बांधावे लागले. आता ते कीर्तन कळण्यासाठी मराठी शिकवावी लागेल. असे आख्यान मराठीत आहे हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? जपायचे काम फक्त त्यांचे नाही. साकी आणि दिंडी आपलीही आहे.

सुभेदार नागावकरांनी अष्टमकरांचे कीर्तन ऐकले होते का, ते मला सांगता येणार नाही. पण म्हैसूर रोडवरून जाताना मी आता त्या बाजूला पाहून मनातल्या मनात एक सॅल्यूट ठोकतो.