फ्रेंच व्याकरण आणि परका नवशिका

भाषेचे व्याकरण ती भाषा बोलणाऱ्यांच्या आत्मपरीक्षणातून निर्माण होते, असे एक गृहीत व्याकरणविचारात फारशी चौकशी न होता टिकून राहिले आहे. फ्रेंचचा इतिहास मात्र या गृहीताला अनुकूल नाही. लुई मेग्रे याने १५५० साली पॅरिसमध्ये आपले फ्रेंच व्याकरण फ्रेंचमध्येच प्रसिद्ध केले, तेव्हा इंग्लंडमध्ये फ्रेंच शिकवण्यासाठी रचलेल्या संहितांची परंपरा जवळजवळ तीन शतकांची झाली होती. या संहिता ज्यांना भाषा येत होती त्यांच्या जिज्ञासेपोटी लिहिल्या गेल्या नव्हत्या. ज्यांना ती येत नव्हती आणि जे ती न आल्यामुळे अडचणीत येणार होते, त्यांच्यासाठी त्या लिहिल्या गेल्या.

यांपैकी सर्वांत बोलकी संहिता वॉल्टर ऑफ बिबस्वर्थ या हर्टफर्डशरमधील सरदाराची आहे. तेराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास त्याने डेनिस द मॉन्शेन्सी या उमराव घराण्यातील स्त्रीसाठी, तिच्या मुलांना फ्रेंच शिकवता यावे म्हणून, एक पद्यरचना केली. १०६६च्या नॉर्मन विजयाने इंग्लंडच्या सत्ताधारी वर्गाला फ्रेंच दिली होती. परंतु दोन शतकांनंतर त्याच वर्गाच्या मुलांना ती मुद्दाम शिकवावी लागत होती. ही रचना मुलाच्या जन्मापासून सुरू होते, शरीराच्या अवयवांवरून शेतीकामाकडे आणि मद्य गाळण्याकडे वळते आणि मेजवानीपाशी संपते. अनेक हस्तलिखितांत फ्रेंच ओळींच्या वर इंग्रजी प्रतिशब्द लिहिलेले आढळतात. व्याकरणाची परिभाषा तिच्यात जवळपास नाहीच. तरीही ती व्याकरण शिकवते, आणि ज्या रीतीने शिकवते ती लक्षणीय आहे.

ओठ, ससा, पौंड आणि पुस्तक या चार अर्थांचे फ्रेंच शब्द बिबस्वर्थ शेजारीशेजारी मांडतो. उच्चाराने ते एकमेकांच्या इतके जवळ आहेत की ओठ आणि ससा, पौंड आणि पुस्तक यांतील फरक ‘ला’ आणि ‘ल’ या उपपदांवर येऊन ठेपतो. लिंग येथे नामाच्या अंगी असलेला गुण म्हणून अवतरत नाही; ते अवतरते गैरसमजाचा धोका म्हणून. मूल बोलण्याच्या वयाचे झाले की त्याला ‘माझा’ आणि ‘माझी’, ‘ल’ आणि ‘ला’ यांचा क्रम आधी शिकवावा, म्हणजे कोणी त्याची टर उडवणार नाही, असे कारणही कवी देतो. व्याकरणाच्या मुळाशी असलेले हे हसे होण्याचे भय पुढच्या काळातील व्याकरणकारांनी ‘शुद्धता’ या भारदस्त नावाखाली झाकून टाकले. (ज्या भाषेतील नामांचे लिंगभेद तेव्हा लोप पावत होते तिच्या भाषकाला ही अडचण केवढी वाटली असेल, याची कल्पना मराठी वाचकाला सहज येणार नाही. ‘तो ओठ’ आणि ‘ती वाट’ म्हणणाऱ्याला नामाचे लिंग अंगवळणी पडलेले असते. तो अडखळतो तो नामाआधी उपपद का हवे, या प्रश्नापाशी.)

पंधराव्या शतकाच्या आरंभी चेशरमध्ये जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये शिकलेल्या जॉन बार्टन याने लॅटिन वैयाकरण दोनातुसचे नाव मिरवणारे एक छोटे फ्रेंच व्याकरण जाणकारांकडून लिहवून घेतले. तेही इंग्रजांसाठीच होते. परंतु परक्याच्या दृष्टीचे खरे फलित म्हणजे जॉन पाल्सग्रेव्ह याचा १५३० साली छापून पूर्ण झालेला ग्रंथ. त्याचे शीर्षक फ्रेंच असले तरी मजकूर इंग्रजीत आहे आणि पृष्ठसंख्या हजाराच्या वर जाते. पाल्सग्रेव्ह हा आठव्या हेन्रीची बहीण मेरी हिचा शिक्षक होता. १५१४ साली तिचा विवाह फ्रान्सच्या बाराव्या लुईशी झाला. लॅटिन परंपरा शब्दांच्या आठ जाती मानत असे. पाल्सग्रेव्हने उपपदाला स्वतंत्र स्थान देऊन त्या नऊ केल्या. लॅटिनमध्ये उपपद नाही, आणि म्हणून लॅटिनच्या चौकटीत त्याला जागाही नव्हती. ज्या शिक्षकाला रोज कोरी पाटी घेऊन आलेल्या शिष्यासमोर बसावे लागत होते, त्याला ही उणीव टाळता येण्यासारखी नव्हती. या ग्रंथाचा एक व्यावहारिक तपशील सिद्धान्ताच्या दृष्टीनेही मोलाचा आहे. स्टीव्हन व्हॉन याने थॉमस क्रॉमवेलला लिहिलेल्या पत्रावरून असे दिसते की, आपण सांगू त्याखेरीज कोणालाही प्रत विकू नये असे पाल्सग्रेव्हने मुद्रकाला बजावले होते. पुस्तक सर्वांच्या हाती पडले तर शिकवणीचे उत्पन्न बुडेल अशी त्याला धास्ती होती. व्याकरण छापले जाताच शिक्षक अनावश्यक ठरू शकतो, हे त्याने पुरते ओळखले होते.

परक्याच्या गरजेतून व्याकरण जन्मते ही घटना मराठी अभ्यासकाला अपरिचित नाही. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली निघाले, दादोबा पांडुरंगांचे १८३६ साली. फ्रान्समध्ये मात्र या क्रमाला एक वेगळे वळण मिळाले. आँद्रे शेर्व्हेल यांनी १९७७ साली दाखवून दिल्याप्रमाणे, एकोणिसाव्या शतकातील शालेय व्याकरण – नोएल आणि शाप्साल यांचे १८२३चे पुस्तक हा त्याचा नमुना – हे मुख्यतः फ्रेंच मुलांना शुद्धलेखन शिकवण्यासाठी घडवलेले साधन होते. बहुतेक वेळा कानाला ऐकूही न येणारा भूतकालवाचक धातुसाधिताचा लिंगवचनमेळ त्याचा केंद्रबिंदू ठरला. परक्यासाठी निघालेले शास्त्र आता स्वकीयालाच परका ठरवू लागले.

नेमक्या याच काळात, १८१८ साली, फ्रान्समधून हद्दपार झालेला जोसेफ जाकोतो लुवाँ येथे फ्रेंच शिकवू लागला. विद्यार्थ्यांना फ्रेंच येत नव्हते, त्याला फ्लेमिश. त्याने फेनेलोंच्या ‘तेलेमाक’ची द्विभाषिक प्रत त्यांच्या हाती दिली आणि भाषांतराच्या आधाराने मूळ पाठ करा, असे दुभाष्यामार्फत सांगितले. नियम एकही सांगितला नाही. पुढे त्यांनी लिहिलेल्या फ्रेंचने तोच चकित झाला. झाक राँसिएर यांनी १९८७ साली या प्रसंगाचे जे वाचन केले, त्यात व्याकरणाचे स्पष्टीकरण हे बुद्धीच्या विषमतेचे यंत्र ठरते आणि नवशिका त्यातून मुक्त होतो. हे वाचन प्रभावी आहे. पण ते शेजारच्या पानावरील फ्लेमिश मजकुराचे काम कमी लेखते. फ्लेमिशमध्ये उपपदे आहेत, पुरुषानुसार बदलणारी क्रियापदे आहेत. विद्यार्थ्यांनी नियमांशिवाय फ्रेंच शिकले असे म्हणण्यापेक्षा, स्वतःच्या भाषेच्या नियमांवर त्यांनी परक्या भाषेचे नियम ताडून पाहिले असे म्हणणे अधिक योग्य होईल. आणखी एक गोष्ट. ‘तेलेमाक’ हे १६९९चे, राजपुत्राच्या शिक्षणासाठी लिहिलेले गद्य. बिबस्वर्थच्या मुलाच्या तोंडी कोठाराचे आणि भट्टीचे शब्द आले. लुवाँच्या तरुणांनी जे फ्रेंच आत्मसात केले, त्यात ऑलिंपसवरील देवता होत्या, वादळात सापडलेली जहाजे होती, राजधर्माचा उपदेश होता, आणि बाजारात भाव विचारण्यापुरते फ्रेंच त्यांना त्यात शोधून काढावे लागले असते.