फायरप्लग

अमेरिकेत रस्त्याकडेला आग विझवायचा लोखंडी नळ असतो. त्याला कितीतरी लोक ‘फायरप्लग’ म्हणतात, म्हणजे आगीचं बूच. हे बूच मूळचं लंडनचं, आणि लाकडाचं. तिथं जमिनीखाली एल्मच्या पोखरलेल्या ओंडक्यांचे नळ होते. आग लागली की माणसं रस्ता खणायची, नळाला भोक पाडायची, खड्ड्यात साचलेलं पाणी बादल्यांनी उपसायची. मग भोकात खुंटी ठोकायची. आमच्या वाडीत गंजी पेटली की विहिरीपासून घागरींची रांग लागायची, तसंच. बंब तालुक्याहून येईस्तोवर राखच! १६६६च्या मोठ्या आगीत मात्र लंडनकरांनी दिसेल तिथं नळ फोडले. पाटाला भलतीकडं दारं फोडलं तर शेवटच्या सरीला पाणी पोचेल का? पुढं नळांना ठरावीक जागी आधीच भोकं पाडून बुचं बसवू लागले.