अकराविरुद्ध एक

वाचकहो, बासू चॅटर्जी यांचा 'एक रुका हुआ फैसला' हा १९८६ चा हिंदी चित्रपट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. एक बंद खोली, बारा माणसे, आणि बापाच्या खुनाचा आरोप असलेला एक पोरगा. पहिल्या मतदानात 'दोषी' म्हणून अकरा हात वर जातात, एक जात नाही. के. के. रैना यांचा आठवा पंच आणि पंकज कपूर यांचा तिसरा पंच एकदा पाहिले की विसरत नाहीत. मात्र एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. हा चित्रपट आला तेव्हा आपल्या देशातून फौजदारी खटल्यांतली ज्यूरी जाऊन बारा वर्षे झाली होती. आणि ज्यूरी होती तेव्हासुद्धा ही गोष्ट आपल्या न्यायालयात अशी घडण्याची सक्ती कुणावर नव्हती. असे का, हे समजून घ्यायचे तर मूळ नाटकाकडे जावे लागते.

ते नाटक रंगभूमीसाठी लिहिलेले नव्हते. रेजिनाल्ड रोझ या अमेरिकन लेखकाला न्यूयॉर्कमध्ये ज्यूरीवर बसण्याची पाळी आली. खटला मनुष्यवधाचा होता. बंद खोलीत अनोळखी माणसे तासन् तास कशी भांडतात हे त्याने तिथे पाहिले, आणि त्यातून टेलिव्हिजनसाठी तासाभराचे नाटक लिहिले. २० सप्टेंबर १९५४ रोजी सीबीएस वाहिनीच्या 'स्टुडिओ वन' या मालिकेत ते सादर झाले. दिग्दर्शन फ्रँकलिन शॅफनर यांचे होते आणि आठव्या पंचाचे काम रॉबर्ट कमिंग्ज यांनी केले होते. प्रक्षेपण थेट होते. नट चुकला तर चूक घरोघरी दिसणार, अशी ती पद्धत. त्यावर सिडनी ल्युमेट यांनी हेन्री फोंडा यांना घेऊन केलेला चित्रपट १९५७ मध्ये आला आणि जगभर तोच गाजला.

कथा आपल्याला ठाऊक आहे, म्हणून तिच्यातला पुरावा तेवढा आठवून पाहू. खालच्या मजल्यावरचा म्हातारा म्हणतो की मी आवाज ऐकला, दाराशी गेलो आणि पोराला पळताना पाहिले. समोरच्या घरातली बाई म्हणते की मधून आगगाडी जात होती, तिच्या डब्यांच्या खिडक्यांतून मी खून होताना पाहिला. चाकू असा की त्याच्यासारखा दुसरा मिळणार नाही. तिन्ही गोष्टी भक्कम वाटतात. मग आठवा पंच खिशातून तसाच चाकू काढून टेबलावर रोवतो. म्हाताऱ्याचा पाय अधू आहे, तो तेवढ्या सेकंदांत दाराशी पोचेल का, हे खोलीत पावले मोजून पाहिले जाते. गाडीच्या खडखडाटात त्याला आवाज ऐकू आला असेल का, असा प्रश्न निघतो. शेवटी ती बाई चष्मा लावते हे कुणाच्या तरी ध्यानात येते, आणि झोपताना चष्मा कोण लावतो?

इथे मला एक गोष्ट सांगावीशी वाटते. मी जैन घरात वाढलो, त्यामुळे अनेकांत हा शब्द लहानपणापासून कानावर आहे. त्याचा अर्थ 'सगळ्यांचेच बरोबर' असा पुष्कळजण लावतात. तो तसा नाही. प्रत्येक विधान कुठल्या तरी बाजूने, कुठल्या तरी मर्यादेत केलेले असते. ती बाजू आणि ती मर्यादा तपासल्याशिवाय ते पूर्ण सत्य मानू नये, एवढेच त्याचे सांगणे. म्हातारा खोटारडा नाही आणि बाईही नाही. एकाने खालून ऐकले, दुसरीने धावत्या गाडीपलीकडून पाहिले. दवाखान्यातही हाच अनुभव येतो. रोगी खुर्चीवर टेकताच निदान सांगून मोकळा होतो, "डॉक्टर, पित्त आहे." तो खोटे बोलत नसतो. पण ते वाक्य लिहून घेऊन वही मिटली, तर पुढचे ऐकायचे राहून जाते.

पण नाटकातल्या अकरा जणांनी ऐकून का घेतले? त्यांना घाई होती, खोलीत उकडत होते, एकाला तर सुटून करमणुकीला जायचे होते. आठव्या पंचाच्या सज्जनपणावर भाळून ते थांबले नाहीत. ते थांबले नियमामुळे. निकाल एकमताने झाला पाहिजे, असे न्यायाधीशाने आधीच बजावले होते. बारावा माणूस पटल्याशिवाय घरी जाता येत नाही, म्हणून त्याच्याशी बोलणे भाग पडते. लेखकाने शौर्य आठव्या पंचाला दिले, पण त्या शौर्याला किंमत आली ती कायद्यातल्या एका अटीमुळे.

आता आपल्याकडे येऊ. मुंबई उच्च न्यायालयाच्या ज्यूरीत नऊ पंच असत. त्यांपैकी सहा जण एका मताचे असले आणि न्यायाधीश त्यांच्याशी सहमत असले, की निकाल पक्का. उरलेल्या तिघांना पटवण्याचे कारण नव्हते. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला चालला, तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढच्या ज्यूरीत सहा युरोपीय आणि तीन हिंदी पंच होते. सहा युरोपीयांनी दोषी म्हटले, तीन हिंदी पंचांनी निर्दोष म्हटले. टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

१९०८ चा खटला तर प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. 'केसरी'तले लेख मराठीत होते. सरकारने खास ज्यूरी मागितली, आणि ती बहुतांशी मराठी न जाणणाऱ्या युरोपीयांची होईल म्हणून टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर बॅप्टिस्टा यांनी हरकत घेतली. हरकत चालली नाही. ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी बसले. लेखांचे भाषांतर मूळ अर्थ बिघडवते, हे टिळक आपल्या प्रदीर्घ भाषणात शब्द धरून धरून सांगत राहिले. २२ जुलैच्या रात्री निकाल आला: सातविरुद्ध दोन, दोषी. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली आणि टिळक मंडालेला गेले. तिथून १९१४ मध्ये सुटून आल्यावर त्यांनी होमरूल लीगची स्थापना केली ती एप्रिल १९१६ मध्ये, आपल्या बेळगावात. त्या दोन पंचांचे मत मात्र आकड्यापलीकडे गेले नाही. सात जणांना त्यांच्याशी एक शब्दही न बोलता निकाल देता येत होता.

अर्धशतकाने याच शहरात उलटे चित्र दिसले. एप्रिल १९५९ मध्ये नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांच्या गोळ्यांनी प्रेम आहुजा यांचा मृत्यू झाला. सत्र न्यायालयातला खटला ऐकायला गर्दी लोटली. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटींची बाजू उचलून धरली. ज्यूरीने आठविरुद्ध एक अशा मताने त्यांना निर्दोष ठरवले. न्यायाधीश रतिलाल मेहता यांना तो निकाल पुराव्याशी विसंगत वाटला आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. ११ मार्च १९६० रोजी उच्च न्यायालयाने नानावटींना खुनाबद्दल दोषी ठरवून जन्मठेप दिली, आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. म्हणजे त्या खोलीतला एकटा नववा माणूस जे म्हणत होता, तेच देशातल्या सर्वात वरच्या न्यायालयाने म्हटले.

वाचकहो, इथे क्षणभर थांबावे. नाटकातला एकटा माणूस आरोपीच्या बाजूचा, नानावटी खटल्यातला एकटा आरोपीच्या विरुद्ध. म्हणजे एकटा पडलेला नेहमी दयाळूच असतो असे नाही, आणि नेहमी बरोबर असतो असेही नाही. रोझच्या नाटकातही पोराने खून केला नाही असे कुठेच सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच, की खात्रीने सांगता येत नाही. एकट्याला उत्तर द्यावे लागते, यातच न्यायाची राखण आहे.

ही राखण मोडायची कशी, हेही काहींना पक्के ठाऊक होते. अमेरिकेच्या लुइझियाना राज्याने १८९८ मध्ये एकमताची अट काढली आणि बारापैकी नऊ मते पुरेशी ठरवली. काळ्या लोकांना ज्यूरीतून उघड वगळणे कठीण झाले होते. मग एकदोन जण आत आले तरी त्यांच्या मताने अडू नये, ही त्यामागची सोय. पुढे नवाचे दहा झाले, पण गंभीर गुन्ह्यांत एकमत हवेच असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला तो थेट २०२० मध्ये. सहाविरुद्ध तीन आणि सातविरुद्ध दोन हे आकडे वाचून आलेल्या मराठी वाचकाला ती सोय काय होती हे वेगळे समजवावे लागणार नाही.

याला जोडून मूळ नाटकाची आणखी एक हकिकत आहे. थेट प्रक्षेपणाच्या त्या काळात पडद्यावरचे चित्र फिल्मवर टिपून ठेवत. या नाटकाची पूर्ण फिल्म कित्येक वर्षे बेपत्ता होती, निम्मीच उपलब्ध होती. २००३ मध्ये ती सापडल्याचे जाहीर झाले. सापडली कुठे, तर सॅम्युअल लीबोविट्झ या दिवंगत वकिलाच्या घरी. अलाबामातल्या स्कॉट्सबरो प्रकरणात ज्या नऊ काळ्या मुलांवर केवळ गोऱ्यांच्या ज्यूरीपुढे खटला चालला होता, त्यांचा बचाव पुढे याच लीबोविट्झ यांनी केला. ज्यूरीच्या यादीत काळ्या माणसांची नावे मागाहून घुसडली आहेत, हे त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला वही दाखवून पटवले, आणि १९३५ मध्ये न्यायालयाने मान्य केले की काळ्यांना यादीतून वगळणे घटनाबाह्य आहे. रोझच्या खोलीतले बाराही जण गोरे पुरुष होते. एकाची शंका ऐकली पाहिजे, हे त्याचे नाटक शिकवते. पण त्या खोलीत मुळात कुणाला बसू दिले, हा प्रश्न ज्या माणसाने आयुष्यात लढवला त्याच्या घरी त्या नाटकाची प्रत जपलेली निघावी, याला मी नुसता योगायोग म्हणून सोडून देऊ शकत नाही. दोन्ही प्रश्न एकत्रच विचारायचे असतात.

आपल्याकडची ज्यूरी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने गेली. ती संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली. झाले ते वाईट झाले असे मी म्हणणार नाही. ज्यूरी कारणे देत नसे. आज न्यायाधीशाला ती लिहावी लागतात, आणि खंडपीठातला एखादा न्यायमूर्ती असहमत असला तर त्याचे मतही निकालपत्रात लिहिले जाते. १९०८ च्या त्या दोघांना एवढेही मिळाले नव्हते.

पण न्यायालयाबाहेर आपण सगळे अजून पंचच आहोत. घरच्या बैठकीत, सोसायटीत, देवस्थानाच्या आणि वाङ्मय मंडळाच्या सभेत आपण माणसांचे निकाल लावतो. इतिवृत्तात एक ठरीव वाक्य असते: 'ठराव सर्वानुमते मंजूर'. ते वाक्य पुष्कळदा सभेच्या आधीच तयार असते. रोझच्या खोलीतही निकाल सर्वानुमते झाला, पण तो एकट्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकल्यानंतर. आपल्याकडे तेच दोन शब्द एकट्याने गप्प बसावे म्हणून वापरले जातात. पुढच्या सभेत सूचक आणि अनुमोदकाची नावे लिहून झाल्यावर मागच्या रांगेतून कुणी हात वर केला, तर वाचकहो, चहा थोडा निवला तरी चालेल. त्याचे म्हणणे आधी ऐका आणि मगच 'सर्वानुमते' लिहा.