ज्यांचें नांव घेणारें कोणी उरलें नाहीं



महोत्सवाच्या प्रसंगीं मृत्यूचा विषय कशाला, असें कित्येकांस वाटेल. परंतु ज्यांनीं हें ख्रिस्तमंदिर उभारिलें, त्यांपैकीं बहुतेक आज दफनभूमींत विसांवले आहेत. त्यांच्यावांचून हा महोत्सव अपुरा होय. म्हणून मृतांसाठीं प्रार्थना करण्याची आपली चाल कोठून आली, हें येथें थोडक्यांत सांगतों.

तिचें मूळ ख्रिस्तजन्माच्याही पूर्वीचें आहे. रणांत पडलेल्या सैनिकांच्या पापक्षमेसाठीं यहूदा मक्काबी यानें वर्गणी गोळा करून सुमारें २००० द्राखमा रुपें यरुशलेमास अर्पणासाठीं पाठविलें, असें मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथांत नमूद आहे. मेलेले पुन्हां उठतील ही आशा नसती, तर हा खटाटोप व्यर्थच ठरता.

पुढें इ. स. ३८७ त संत मोनिका मायदेशापासून दूर, ओस्तिया बंदरीं मरणोन्मुख झाली. देह कोठेंही पुरा, मात्र प्रभूच्या वेदीपाशीं माझी आठवण ठेवा, एवढेंच तिनें मुलांजवळ मागितलें. तिचा पुत्र संत ऑगस्टिन यानें मृतांच्या सेवेवर पुढें एक लहान ग्रंथ लिहिला. त्यांतील एक विचार फार मोलाचा आहे: ज्यांस आईबाप, मुलेंबाळें वा मित्र उरले नाहींत, त्यांच्यासाठीं सर्वांची एकच माता जी ख्रिस्तसभा, ती नांव न घेतांही प्रार्थना करिते.

ह्याच भावनेनें इ. स. १००० च्या सुमारास क्लूनीचे मठाधिपति संत ओडिलो यांनीं आपल्या मठांत सर्व संतांच्या सणाचा दुसरा दिवस मृतांसाठीं नेमिला. तोच आपला २ नोव्हेंबर. १९१५ सालीं महायुद्धांत रोज असंख्य तरुण पडत होते आणि मृतांसाठीं ठेवलेल्या जुन्या मिस्सा ठिकठिकाणीं बंद पडल्या होत्या. तेव्हां पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनीं ह्या दिवशीं तीन मिस्सा अर्पिण्याची मोकळीक सर्व धर्मगुरूंस दिली. त्यांतील एक सर्व मृत भाविकांसाठीं असते. २०२० सालीं महामारीमुळें कित्येकांस आपल्या माणसाच्या दफनविधीसही जातां आलें नाहीं. त्या वर्षीं दफनभूमीस भेट देऊन मृतांसाठीं मिळवावयाची पूर्ण दंडमाफी, जी एरवीं नोव्हेंबरच्या पहिल्या आठ दिवसांपुरती असते, ती सबंध महिनाभर वाढविण्यांत आली.

बंधुभगिनींनो, तीनचार पिढ्यांनंतर आपलेंही नांव घेणारें घरीं कोणी नसेल. तरीही प्रत्येक मिस्सेंत वेदीपाशीं मृतांचें स्मरण होतें, व त्यांत आपणही असूं. ह्याच भरंवशावर ख्रिस्ती मनुष्य मरणास सामोरा जातो. म्हणून येत्या नोव्हेंबरांत आपल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावाल, तेव्हां शेजारच्या निनांवी थडग्यासाठींही एक राखून ठेवा. प्रभु त्यांस सार्वकालिक विसांवा देवो.